माळावरचे सहा होल

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

सकाळी कमलेशचा फोन. कमलेश माझा भाचा. मुंबईला क्लबात कॅडी आहे, मीच त्याला तिथे लावला. म्हणाला, "मामा, सोमवार बंद."

"कसला सोमवार?"

"आपला. नोटीस लागलीय. कॅडींनी सोमवारी मैदानावर खेळायचं नाही. सभासदांच्या तक्रारी आल्यात. आपण गवत उखडतो म्हणे."

तेव्हापासून डोकं तापलंय. भात झोडायला घेतला होता, तोही धड झाला नाही. पेंढा एकीकडे, दाणे भलतीकडे.

एकतीस वर्षं मी त्या क्लबात गोल्फच्या बॅगा उचलल्या. सभासदाची बॅग खांद्यावर घेऊन चार-पाच तास चालायचं, बॉल कुठे पडला ते बघायचं, कुठली स्टिक घ्यावी ते सांगायचं, आणि साहेबांचा फटका चुकला की वाऱ्याला दोष द्यायचा. सोमवारी क्लबाला सुट्टी. त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही खेळायचो, लोकांनी टाकून दिलेल्या, दांडे बदललेल्या स्टिक घेऊन. आठवड्यातले तेवढे चार तास आम्ही कोणाचे कॅडी नव्हतो. तेवढंही यांना बघवलं नाही. म्हणे गवत उखडतात! सभासदांनी उखडलेलं एकेक ढेकूळ मी वाकून परत बसवलंय, वरून पायाने दाबलंय. माझा गुडघा त्यातच गेला. आणि गुडघा गेल्यावर तीन वर्षांपूर्वी मला सांगितलं, गोरख, आता गावाला आराम कर.

संध्याकाळी बायकोला, भागीला म्हणालो, आपल्या पाड्यावरच्या माळावर गोल्फचा दिवस करायचा. जव्हार-मोखाड्याचे जेवढे कॅडी त्या क्लबात आहेत किंवा होते, तेवढे सगळे बोलवायचे. आपलं मंडळ काढायचं. आपणच सभासद.

भागी म्हणाली, "माळावर गुरं चरतात."

म्हटलं, "चरू देत. गुरं तरी तक्रार करणार नाहीत."

६ नोव्हेंबर

आज माळ पावलांनी मोजला. सहा होल बसतात. पहिला मोहाच्या झाडापासून सरळ. दुसरा उताराचा. तिसऱ्याला करवंदीच्या जाळ्यांना वळसा घालून जावं लागेल, तो सगळ्यांना रडवणार. सहावा परत मोहाकडे. होलसाठी रंगाचे रिकामे डबे पुरायचे. मोखाड्याच्या हार्डवेअरवाल्याने आठ द्यायचं कबूल केलंय.

जेवताना नावं काढली. अकरा झाली, मला धरून. भागीने विचारलं, "आणि नवसू?"

"नवसू कशाला?"

"तुमच्याबरोबरच गेला व्हता ना मुंबईला? एका खोलीत राहिलात."

मी म्हटलं, त्याला काढून टाकलंय क्लबाने, तो कसा बसेल यात. ती भाकरी थापत राहिली. तिचं असं गप्प बसणं मला आवडत नाही.

लिहून ठेवतो, म्हणजे कोणाला वाटायला नको की मी काही लपवतो. २०११ ची गोष्ट. क्लबाची मोठी स्पर्धा. मी सरपोतदार साहेबांची बॅग धरली होती. नवसू आगेवाला होता, म्हणजे पुढे जाऊन उभं राहायचं आणि बॉल कुठे पडतो ते बघायचं. साहेबांचा बॉल झाडाच्या मुळात गेला. सगळे तिथे पोचेपर्यंत तो मुळाबाहेर, गवतावर, चांगला खेळता येईल असा. समोरच्या सभासदाने तक्रार केली की बॉल कोणीतरी पायाने सरकवला. चौकशी झाली. बॉलजवळ नवसू होता. मला विचारलं, मी म्हणालो, मी काही पाहिलं नाही. एवढंच म्हणालो. नवसूचा कॅडीचा बिल्ला काढून घेतला. त्यात माझा काय दोष? निकाल कमिटीने दिला. पण तेव्हापासून हा माणूस माझ्या वाटेलाही फिरकला नाही. माझ्या मुलीच्या लग्नाला आला नाही. चौदा वर्षं एवढा राग धरायचा म्हणजे कमाल आहे.

१४ नोव्हेंबर

आठ दिवस गवत कापतोय. कापून झालेल्या जागी होलभोवती नदीची बारीक वाळू टाकली आणि गॅरेजातलं काळं वापरलेलं तेल शिंपडून दाबली. गवत राखायला पाणी नाही, म्हणून अशी काळी गोल जागा. त्यावर बॉल गुळगुळीत पळतो. दोन दिवस खपून चौथ्या होलची जागा केली आणि आज सकाळी बघतो तर बैल लोळून गेलेले. चांगला ओरडलो. ज्याचे बैल तो म्हणतो, "गोरखदादा, त्यांना पाटी लावून ठेवा." चेष्टा करतात मेले.

नियम लिहून काढले. एक, पायात बूट आणि मोजे पाहिजेत. दोन, कॉलरचा शर्ट. तीन, तंबाखू खाऊन मैदानात थुंकायचं नाही. चार, बायकांनी खेळाच्या वेळी माळावर यायचं नाही. पाच, वेळेवर हजर.

भागीने विचारलं काय लिहिलंय, मी वाचून दाखवलं. चौथ्या नियमाला इतकी हसली की तिला ठसका लागला. "मग तुमचं आणि पाड्याचं मिळून चाळीस माणसांचं जेवण माळावर कोण नेणार? बैल?"

शिस्त कशाला म्हणतात हे बाईमाणसाला कोण समजावणार.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज मंडळाची बैठक, आमच्याच अंगणात. कमलेश चौघांना घेऊन मुंबईहून आला. जव्हारकडून तीन आले. म्हातारा तुका काठी टेकत आला. तुका बहात्तर वर्षांचा. आम्हाला सगळ्यांना बॅग कशी धरायची ते त्यानेच शिकवलं.

नियम वाचले. तुका म्हणाला, "बूट तर माझ्याकं नाय."

"मग घ्या कोणाचे तरी. मैदानाची शोभा असते."

"गोरख, हे सगळं पाळायचं तर आपण क्लबातच बरे व्हतो."

सगळे हसले. माझ्या घरी बसून, माझा चहा पिऊन. पण मी हटलो नाही. आपल्याला कोणी गावंढळ म्हणू नये एवढ्यासाठी तर हे सगळं. शेवटी म्हणाले, बरं, घालू बूट.

खरा वाद पुढे झाला. तारीख ठरली, १२ जानेवारी, सोमवारच मुद्दाम. मग कमलेश म्हणाला, "नवसूमामाला सांगितलं का?"

मी म्हटलं, तो सभासद होऊ शकत नाही.

"का?"

"बिल्ला गेलाय त्याचा."

"बिल्ला इथे सगळ्यांकडे आहे का? तुमच्याकडे आहे?" कमलेश माझ्याशी असं कधी बोलत नाही. "आपल्या सगळ्यांत चांगलं कोण खेळतं, नाव सांगा."

तुका जमिनीकडे बघत म्हणाला, "नवसू नाय तर मी बी नाय." मग एकेकाने मान डोलवली. दिवस माझा, माळ मी साफ केला, वाळू मी वाहिली, आणि हे मला अट घालतात. मी उठून आत गेलो. बाहेर भागी त्यांना सांगत होती, "जातील ते. सांगून येतील."

३० नोव्हेंबर, रविवार

गेलो. मोखाड्याहून जीपने वावर गावापर्यंत, पुढे नवसूच्या वांगणीला चालत. रस्ता कसला, नुसते दगड. चालताना गुडघा बोलत होता. मनात म्हणत होतो, या माणसासाठी एवढं.

नवसू खळ्यात नागली झोडत होता. मला बघून थांबला नाही. त्याच्या मुलीने, राहीने, पाणी आणून दिलं. लहानपणी ही मुंबईला आली होती तेव्हा माझ्या खांद्यावर बसून समुद्र बघितला होता. आता तिच्या कडेवर पोर आणि एक पायाशी. दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर जायची, या वर्षी अजून मुकादम आला नाही, म्हणून बापाकडे थांबलीय. म्हणाली, "काका, बसा ना." आवाज तसाच गोड आहे.

नवसूला सगळं सांगितलं. माळ, सहा होल, तारीख. तो झोडतच राहिला. मग दांडका खाली ठेवून म्हणाला, "खेळायला यीन. कोणाची बॅग धरायला नाय येणार."

"बॅग कोण धरायला सांगतंय? आपलाच दिवस आहे."

"बरं." मग म्हणाला, "तुला अजून काय बोलायचंय का?"

"कशाबद्दल?"

त्याने माझ्याकडे बघितलं. पोराला चिमटा काढणाऱ्या दुसऱ्या पोराकडे बघावं तसं. "मग नाय," म्हणाला आणि परत दांडका उचलला.

परत येताना सगळी वाट संताप आला. काय बोलायचं असणार मला? मी आमंत्रण द्यायला गेलो, माणुसकीने गेलो. मी निघालो तेव्हा चुलीपाशी राही पोराला वही दाखवत होती, चित्रांची. तिनेसुद्धा बापासारखंच बघितलं का, की मला तसं वाटलं, कोण जाणे.

१५ डिसेंबर

आज फार आनंदाचा दिवस, आणि त्यावर कमलेशने पाणी ओतलं.

सरपोतदार साहेबांना फोन केला. मनात धाकधूक होती. पण साहेबांनी लगेच ओळखलं. "गोरख! गुडघा काय म्हणतो?" मी सांगितलं, गावाला गोल्फचा दिवस करतोय, बक्षीस तुमच्या हातून द्यायचंय. साहेब हसले. "जव्हारला गोल्फ? वंडरफुल! येणार. नक्की येणार." बावीस वर्षं मी त्यांची बॅग धरली. अशी माणसं विसरत नाहीत.

संध्याकाळी कमलेशला कळवलं. तो म्हणाला, "मामा, नोटिशीवर सही कोणाची आहे माहीत आहे?"

"कोणाची?"

"त्यांचीच. मैदान कमिटीचे चेअरमन आहेत ते यंदा."

मी म्हटलं, कमिटीत असल्यावर सही करावीच लागते. त्यांच्या मनात नसणार. मी ओळखतो त्यांना. कमलेश म्हणाला, "तुम्ही त्यांना ओळखता, पण आम्हाला तरी विचारायचंत." आणि फोन ठेवला. मोठ्या माणसाचा फोन ठेवून दिला! मी नसतो तर हा पोरगा आज कुठे असता?

२८ डिसेंबर

साहेबांचा निरोप. तीन मित्र घेऊन येताहेत, जव्हारला रिसॉर्टमध्ये उतरतील. चौघं आधी खेळतील आणि मग मंडळी, म्हणजे गर्दी होणार नाही. बरोबर आहे. पाहुण्यांचा मान पहिला. सभासदांना आत्ताच सांगत नाही, उगाच कुरकुर करतील.

झेंडे शिवले. भागीच्या दोन जुन्या लुगड्यांचे. विचारून घेतली असती तर दिली नसती, म्हणून विचारलं नाही. ती काय बोलली ते इथे लिहीत नाही.

१२ जानेवारी २०२६, सोमवार

सगळं जसं झालं तसं लिहितो.

साडेसातला सगळे माळावर हजर. सगळ्यांना कॉलर, सगळ्यांच्या पायात बूट. तुकाने नातवाचे घातले होते, मागून फडकं कोंबून. थंडी होती, ऊन नुकतं उतरत होतं, आणि माळ असा दिसत होता की मी स्वतःच बघत राहिलो. लाल-हिरवे झेंडे, काळ्या गोल जागा. कमलेश म्हणाला, "मामा, झकास." एवढ्या दिवसांत पहिल्यांदा सरळ बोलला.

नवसू पहाटेच निघून चालत आला होता. हातात एकच स्टिक, सात नंबरची, दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. मोहाखाली जाऊन बसला.

"सुरू करायचं ना?" तुकाने विचारलं.

मी म्हटलं, थांबा, साहेब येताहेत. ते आधी खेळतील.

सगळे थांबले. आठ वाजले, नऊ वाजले. साहेबांचा फोन आला की दाभोशाचा धबधबा बघून येतो, इतक्या लांब आलोय तर. साडेदहाला दोन गाड्या माळावर आल्या, सरळ पहिल्या होलच्या वाळूजवळ. साहेब उतरले. आता केस पूर्ण पांढरे. माझ्या पाठीवर हात ठेवून मित्रांना म्हणाले, "हा माझा गोरख. बघा, काय केलंय यानं!" माझा ऊर भरून आला, खोटं का सांगू.

मग ड्रायव्हरने डिकी उघडली. चार बॅगा. साहेबांनी आमच्याकडे बघितलं, आणि वाट बघितली. नुसते उभे राहिले. त्यांना सांगायची सवयच नाही.

साहेबांची बॅग मी उचलली. ती माझ्या खांद्यावर कधी आली मला कळलं नाही. आणि मी म्हटलं, हो, मीच म्हटलं, "कमलेश, घे रे. अजून दोघं या."

कमलेश जागचा हलला नाही. जव्हारचे दोघं माझ्या तोंडाकडे बघून पुढे झाले. चौथी बॅग राहिली. तुका उठला, म्हणाला, "जाऊ दे, पाव्हणे हायेत," आणि त्याने ती घेतली. बहात्तराव्या वर्षी. मला राग आला तो कमलेशचा. पाहुण्यांपुढे मंडळाची लाज घालवली म्हणून.

निघताना साहेबांचं लक्ष मोहाखाली गेलं. "अरे, हा तोच ना? ज्याला आपण काढलं होतं? त्याला कशाला बोलावलंस?" हळू बोलायचं त्यांना कधी जमलं नाही. सगळ्या माळाने ऐकलं. नवसू गवताची काडी चावत होता, तसाच चावत राहिला.

दोन होल झाले. साहेबांचे मित्र हसत होते, झेंड्यांचे फोटो काढत होते. एकाने विचारलं, इथे आदिवासी नाच असतो ना, तो ठेवला नाही का? तिसऱ्या होलला साहेबांचा फटका चुकला, बॉल करवंदीच्या जाळीत शिरला. मी पुढे गेलो. बॉल काट्यांच्या बुडाशी होता. मागून साहेबांचा आवाज आला, "गोरख, बघ जरा. मिळतोय का नीट?"

हेच वाक्य. २०११ लाही हेच वाक्य होतं. या वहीत मी लिहिलं की मी काही पाहिलं नाही. मी पाहिलं नव्हतं, कारण माझीच नजर माझ्या बुटाकडे होती. बॉल मुळाबाहेर मीच ढकलला. नवसू दहा पावलांवर होता आणि त्याने बघितलं, आणि मला वाचवायला तो चौकशीत पहिल्या दिवशी गप्प बसला. त्याला वाटलं मी बोलेन. दुसऱ्या दिवशी त्याने खरं सांगितलं तेव्हा त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, कारण मी आधीच सांगितलं होतं की मी काही पाहिलं नाही.

आजही माझा पाय उचलला गेला होता. मी शपथेवर लिहितो, उचलला गेला होता. तेवढ्यात तुका बॅगेखाली वाकून माझ्या बाजूला येऊन उभा राहिला आणि त्याने एक बूट काढला. टाचेला फोड फुटून मोजा लाल झाला होता. त्याने फक्त मोजा जरा सोडवला आणि बूट परत घातला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी बॅग खाली ठेवली. "साहेब, बॉल जिथे आहे तिथूनच खेळा."

ते हसले. "अरे, आज मजा करायला आलोय. स्पर्धा आहे का?"

"त्या दिवशी स्पर्धा होती. त्या दिवशी बॉल मी सरकवला होता. नवसूने नाही. तुम्हाला माहीत होतं."

माझा आवाज एवढा मोठा कसा झाला, माहीत नाही. मोहाखालची माणसं उभी राहिली. साहेबांचं हसू गेलं. मित्रांकडे बघून, मग माझ्याकडे बघून, खालच्या आवाजात म्हणाले, "मी तुला कधी सांगितलं होतं का, पायाने ढकल म्हणून? आठव. कमिटीपुढे तू काय बोललास तेही आठव."

खरं होतं ते. त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. म्हणूनच माझी तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं हा माणूस न सांगता सांगत आला, आणि मी न ऐकता ऐकत आलो.

"बॅगा उचला तुमच्या," मी म्हटलं.

गाड्या गेल्या तेव्हा पावणेबारा. मला वाटलं, संपला दिवस. मग नवसू उठला, मागचं गवत झटकलं, सात नंबर घेऊन पहिल्या होलवर आला आणि म्हणाला, "आता आमची पाळी का?"

त्याने बॉल मारला. तो आवाज. चौदा वर्षांत तो आवाज कुठे गेला नव्हता. बॉल सरळ गेला आणि वाळूवर थांबला, आणि जे काही ओरडले सगळे! मग दिवस असा गेला की काय सांगू. तुकाने बूट फेकून दिले आणि अनवाणी खेळला, आणि दोन होलवर एकेका फटक्यात बॉल डब्याजवळ नेला. बघता बघता सगळ्यांचे बूट मोहाखाली. भागी आणि पाड्यावरच्या बाया जेवण घेऊन आल्या, नागलीच्या भाकरी, कोंबडीचा रस्सा. कमलेशने भागीच्या हातात स्टिक दिली. तिने पदर खोचला आणि मारला. बॉल पाचव्या होलच्या झेंड्याला लागला. तिच्याच लुगड्याच्या. हसून हसून माणसं खाली बसली.

नवसू जिंकला. बक्षिसाचा कप तुकाच्या हातून दिला. नवसूने तो घेतला, पिशवीत घातला, सगळ्यांना राम राम केला. माझ्यासमोरून गेला. एक शब्द नाही.

१५ जानेवारी

तीन दिवस झाले, राग जात नाही. मी सगळ्यांसमोर खरं बोललो. साहेबांना तोंडावर बोललो. अजून काय करायला हवं माणसाने? निदान "बरं केलंस" म्हणायला नवसूचं काय जात होतं?

भागीला म्हटलं. ती तांदूळ पाखडत होती. म्हणाली, "त्याने काय बोलायचं? तो चौदा वर्षं बोलतच व्हता. आता तुम्ही बोललात म्हणून त्याने तुमचे पाय धरायचे?"

संध्याकाळी कमलेशचा फोन. नवसूने निरोप दिलाय. माळावर बारा जणांनी ऐकलं, पण क्लबाच्या रजिस्टरात अजून त्याचंच नाव आहे. कागदावर लिहून दे आणि पाठव.

म्हणजे आता माझी सही पाहिजे! सगळ्या क्लबात, जिथे मी एकतीस वर्षं मान खाली घालून इमानाने काम केलं, तिथे माझं नाव चोर म्हणून लागणार. कमलेशचीही नोकरी तिथेच. त्याला तसं म्हटलं तर तो म्हणाला, "माझं मी बघतो, मामा. तुम्ही लिहा."

२५ जानेवारी, रविवार

पत्र लिहायला नऊ दिवस लागले. चार वेळा फाडलं. पहिल्या तीनमध्ये सगळा दोष साहेबांचा होता.

आज वांगणीला घेऊन गेलो. नवसूला वाचता येत नाही. त्याने राहीला हाक मारली. तिने हात पुसले, पोराला खाली ठेवलं आणि दारात उजेडाला बसून वाचायला लागली. बोट ठेवून. "मी, गोरख... खाली सही कर-णार... असे लिहून देतो की..." जोडाक्षर आलं की थांबायची, ओठांतल्या ओठांत जुळवायची, मग पुढे. "नवसू हा नि... निर्... निर्दोष होता." मनात आलं, शाळेत शिकवतात तरी काय या पोरींना. सत्तावीस वर्षांची बाई. लहानपणी किती फडफड बोलायची, मुंबईला दुकानांच्या पाट्या वाचून दाखवायची.

वाचून झालं. नवसू म्हणाला, "राहीच्या शाळेचं नाय यात."

मी म्हटलं, "अरे, क्लबाला त्याचं काय? त्यांनी शाळेतून काढलं का तिला?"

"त्यांनी नाय." एवढंच म्हणाला.

बिल्ला गेला त्याच दिवाळीनंतर हे कुटुंब भट्टीवर गेलं, राहीसकट. हे मला माहीत होतं. कोणीतरी तेव्हाच सांगितलं होतं. मी म्हणालो होतो, अरेरे.

खिशातून पेन काढून राहीला दिलं. "तू लिही. माझ्या सहीच्या वर."

ती बापाकडे बघत राहिली. त्याने मान हलवली. मग तिने कागद मांडीवर ठेवला. फार वेळ लागला. एक अक्षर चुकलं, ते खोडलं, बाजूला परत लिहिलं. पोर कागद ओढायला बघत होतं, त्याला तिने एका हाताने धरून ठेवलं. लिहून झाल्यावर कागद माझ्याकडे दिला. लिहिलं होतं, *तेव्हा मी आठवीत होते. माझा दुसरा नंबर होता.*

खाली सही केली. मोठ्या अक्षरांत, पूर्ण नाव.

कागद खराब झाला होता, खाडाखोड, पोराच्या बोटांचे डाग. म्हटलं, घरी नेऊन नीट उतरवून काढतो. राही म्हणाली, "नको काका."

तसाच पाकिटात घातला.